न वाचता येणारी डबी

महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या, कर्नाटकातल्या निपाणीच्या आसपास कुठल्याही गावात बाळंतिणीच्या खोलीत गेले की कोनाड्यात एक तबक दिसते. त्यात खोबरेल तेलाची बाटली असते, वेखंडाची पूड, मसुराच्या पिठाची वाटी, काजळाची डबी, हळद, पावडरचा डबा, बारशाला कुणी तरी दिलेल्या संचातले लोशन आणि सर्दीवर चोळायचे कापराच्या वासाचे मलम. तेल घाण्यावरचे, पावडर कोल्हापूरच्या घाऊक दुकानातली, लोशन बेळगावच्या खडेबाजारातले, काजळ जत्रेतले. इथून कोल्हापूर 40 किलोमीटरवर, बेळगाव 75. माल दोन्हीकडून येतो आणि आजीच्या हाताशी एकत्र होतो. सकाळी न्हाऊ घालणारी बाई येते, बाळाचे अंग चोळते, टाळू भरते, धुरी देते, पावडर फासते, डोळ्यांत काजळ घालते आणि जाता जाता गालावर तीट लावते.

या तबकातली एकही वस्तू कुणी वाईट हेतूने आणलेली नाही, आणि हा प्रश्न अवघड होतो तो त्यामुळेच. बिघडलेले दूध किंवा भेसळीचे औषध याबद्दल घरात लगेच आरडाओरडा होतो. अंगाला लावायच्या वस्तूबद्दल मात्र समज असा की ती वरच्यावर राहते, आत जात नाही. मोठ्या माणसाच्या बाबतीत हा समज अर्धा खरा आहे. तान्ह्या मुलाच्या बाबतीत तो धोकादायक आहे.

कारण साधे आहे. वजनाच्या मानाने तान्ह्या बाळाच्या कातडीचा विस्तार मोठ्या माणसाच्या दोन ते तीन पट असतो. तेच मलम तेवढ्याच जाडीने अंगभर लावले, तर बाळाच्या वाट्याला किलोमागे कितीतरी जास्त येते. कातडीचा वरचा थर पातळ असतो. जन्मल्यावर काही आठवडे त्यावरचे संरक्षक आम्लही पुरते तयार झालेले नसते, आणि साधा आंघोळीचा साबण अल्कधर्मी असल्याने ते आणखी धुऊन टाकतो. त्यात लंगोट किंवा डायपर घट्ट बसवला की आतली ओल आणि ऊब यांमुळे शोषण वाढते. शिवाय जे अंगाला लागते ते हातांना लागते, आणि हात तोंडात जातात.

मालिशबद्दल आधी बोलायला हवे, नाही तर सगळ्याच जुन्या चालीरीती मोडीत काढल्यासारखे होईल. मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नवजात बाळांवर खोबरेल तेल आणि खनिज तेल यांची तुलना करून पाहिली. 2005 मध्ये ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात खोबरेल तेलाने मालिश केलेल्या, दिवस न भरता जन्मलेल्या बाळांचे वजन अधिक वेगाने वाढलेले दिसले. हलक्या हाताची मालिश आणि साधे खोबरेल यांत आजीचेच बरोबर आहे. अडचण त्यापुढच्या वस्तूंची आहे.

काजळापासून सुरुवात करू. घरचे काजळ म्हणजे तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचे भांडे उपडे धरून जमवलेली काजळी आणि तूप. हे मुळात कोळशाचे काळे आहे. त्यात विष नसते. पण ते बोटाने घातले जाते आणि बोटाला नख असते. डोळ्याच्या कोपऱ्यातली अश्रूंची नळी तान्ह्या मुलात आधीच अरुंद, तीत काजळ बसले की डोळा चिकटतो, पाणी गळते, संसर्ग होतो. सुरमा ही वेगळी वस्तू आहे. खनिज सुरमा म्हणजे गॅलेना, रसायनाच्या भाषेत लेड सल्फाइड, अर्थात शिसे. जत्रेतल्या आणि उरुसातल्या छोट्या डब्यांवर ‘काजळ’, ‘सुरमा’, ‘अंजन’ ही नावे वाटेल तशी छापलेली असतात. आत काजळी आहे की खनिज, हे डोळ्याने ओळखता येत नाही. दोन्ही काळे, दोन्ही गुळगुळीत.

अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये 2011 साली सहा महिन्यांच्या एका बाळाच्या रक्तात शिसे सापडले. घरातला रंग, पाणी, खेळणी हे नेहमीचे संशयित होते, पण कारण निघाले नायजेरियाहून आणलेले ‘टिरो’ नावाचे डोळ्यांचे काजळ. बाळाच्या पापण्यांना ते नियमित लावले जात होते. तपासणीत त्या भुकटीत 82 टक्क्यांहून अधिक शिसे निघाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने शिसेयुक्त सुरम्याला बंदी घातलेली आहे. भारतात कायदा सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिसे आणि आर्सेनिक यांची संयुगे वापरू देत नाही. पण कायदा परवाना घेऊन माल करणाऱ्याला पकडतो. यात्रेच्या पालावर चटई टाकून बसलेल्याकडे परवाना मागणार कोण?

शिशाचा स्वभाव असा की ते लगेच काही दाखवत नाही. उलटी नाही, पुरळ नाही. मूल थोडे चिडचिडे होते, रक्त कमी होते, पुढे शाळेत लक्ष लागत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी 2020 मध्ये मांडलेल्या अहवालानुसार जगातल्या सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे, आणि त्यांतली साडेसत्तावीस कोटी मुले भारतातली आहेत. बॅटऱ्या, रंग, मसाले, भांड्यांचा मुलामा अशी या शिशाची वाटणी आहे, आणि त्या यादीत डोळ्यांत घालायचा सुरमाही आहे. बालकांसाठी शिशाचे कुठलेच प्रमाण सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे.

सीमाभागात काजळापेक्षाही जास्त प्रमाणात मुलांच्या अंगावर पडते ती हळद. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेच्या यात्रांना भंडारा उधळला जातो. निपाणीजवळच्या आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या यात्रेत तेच, पलीकडे हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत अख्खे गाव पिवळे होते. आईच्या कडेवरचे मूल डोक्यापासून पायापर्यंत हळदीने माखून घरी येते. ही दृश्ये सुंदर आहेत, त्यांत श्रद्धा आहे, आणि ज्यांनी ती पाहिली आहेत त्यांना कुणी भंडारा उधळू नका म्हटले तर राग येईल. तसे म्हणण्याची गरजही नाही. प्रश्न भंडाऱ्याचा नाही, त्याच्या रंगाचा आहे.

जवळच सांगली, देशातली हळदीची मोठी बाजारपेठ. इथल्या माणसाला खरी हळद वासावरून कळते. पण यात्रेतला भंडारा किलोने नाही, पोत्याने विकला जातो, आणि स्वस्तात भडक पिवळा रंग आणायचे दोन मार्ग जगभर वापरले जातात. एक मेटॅनिल यलो हा कापडाचा रंग, दुसरा लेड क्रोमेट, म्हणजे पुन्हा शिसे. बांगलादेशात ही दुसरी भेसळ स्टॅनफोर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी शोधून काढली. तिथल्या बाजारातल्या हळदीच्या नमुन्यांपैकी 47 टक्क्यांत 2019 मध्ये शिसे आढळत होते. सरकारने घाऊक बाजारात छापे घातले, दंड केले, लोकांना जाहीरपणे सांगितले, आणि 2021 पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. दोन वर्षांत. म्हणजे हे काम अशक्य नाही.

आपल्याकडे खाण्याच्या हळदीत शिशाची मर्यादा दहा लाखांत 10 भाग ठरलेली आहे. पण पाकिटावर ‘फक्त पूजेसाठी’ असे छापले की ती हळद अन्न उरत नाही, आणि अन्नाची तपासणीही तिला लागत नाही. सौंदर्यप्रसाधन म्हणूनही ती कुणी नोंदवत नाही. मधल्या मोकळ्या जागेतून ती सरळ मुलाच्या अंगावर आणि तिथून तोंडात जाते. कुंकवाची गोष्टही अशीच. हळदीला चुन्याच्या किंवा क्षाराच्या पाण्याचा हात लावून केलेले जुने कुंकू आता थोड्या ठिकाणी उरले आहे. बाकी सगळे रासायनिक रंग. 2017 मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाने न्यू जर्सी, मुंबई आणि दिल्लीतून सिंदुराचे 118 नमुने घेतले. भारतातल्या नमुन्यांपैकी 43 टक्क्यांत शिसे अमेरिकेच्या मर्यादेहून, म्हणजे ग्रॅमला 20 मायक्रोग्रॅमहून, अधिक होते. बाळाच्या कपाळाला लावलेला टिळा दोन मिनिटांत पुसला जातो आणि बोटांवर येतो, हे प्रत्येक आईने पाहिलेले आहे.

पावडरच्या डब्याला या घरांत औषधाइतका मान असतो. आंघोळीनंतर बाळ पांढरे दिसले नाही तर न्हाणे पुरे झाले असे वाटत नाही. टाल्क हा खडकाचा भुगा आहे, पाण्यात न विरघळणारा. डबा बाळाच्या हाताशी ठेवला आणि त्याने तो तोंडावर उलटा केला, की बारीक कण श्वासनलिकांच्या टोकापर्यंत जाऊन बसतात. सुरुवातीला थोडा खोकला, आणि त्रास काही तासांनी. अशा अपघातांत मुले दगावली आहेत, आणि अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ गेली कित्येक दशके तान्ह्यांना पावडर लावू नका असेच सांगत आहेत.

पावडरच्या इतिहासात दोन मोठ्या शोकांतिका आहेत, आणि दोन्ही कारखान्यातल्या चुकांच्या. फ्रान्समध्ये 1972 साली ‘मोरांज’ नावाच्या बाळांच्या टाल्कमध्ये हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक चुकून सहा टक्क्यांहून अधिक मिसळले गेले. 204 मुले आजारी पडली, 36 गेली. दुसरी घटना व्हिएतनाममधली. 1981 मध्ये हो ची मिन्ह शहरात तान्ह्या बाळांना अचानक रक्तस्राव होऊ लागला. कारण सापडायला वेळ लागला, कारण पावडरकडे कुणी पाहिलेच नव्हते. तिच्यात वॉरफरिन होते, उंदीर मारायला वापरतात ते रक्त पातळ करणारे रसायन. 741 बाळांना बाधा झाली आणि 177 दगावली. मुलांनी पावडर खाल्ली नव्हती. लंगोटाच्या जागी ती फक्त लावली होती.

आपल्याकडचे उदाहरण एवढे भयंकर नाही, पण शिकण्यासारखे आहे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी पावडरचे नमुने 2018 मध्ये घेतले. त्यांतला सामू, म्हणजे आम्लतेचे माप, बालकांच्या पावडरसाठी ठरलेल्या भारतीय मानकात बसत नाही, या कारणावरून मुलुंडच्या कारखान्याचा परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला तो सप्टेंबर 2022 मध्ये. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि प्रशासनाच्या दिरंगाईवर कडक शब्दांत बोट ठेवले. पावडर चांगली की वाईट हा वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी हिशेब उरतोच. नमुना घेतल्यापासून कारवाईपर्यंत जवळजवळ चार वर्षे. एक डबा घरात महिना-दीड महिना पुरतो. म्हणजे माल सदोष निघाला असता, तरी तो वापरलेले बाळ तोवर अंगणवाडीत जाऊ लागले असते. तपासणीचा वेग मुलाच्या वाढीच्या वेगापेक्षा कमी असेल, तर त्या तपासणीने त्या मुलाचे रक्षण होत नाही.

आता त्या वस्तूकडे यायला हवे, जी बाळासाठी आणलेलीच नसते. गोरे करणारे क्रीम. पारा कातडीतला रंग तयार होण्याची प्रक्रिया अडवतो, म्हणून पाऱ्याचे क्षार घातलेली क्रीमे झटपट ‘गुण’ देतात. तो पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. अकोल्यातली एक तरुण विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी 2023 च्या सुरुवातीला महाराष्ट्रभर वाचली गेली. तिघी ब्युटिशियनकडून आणलेले एकच क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी धागा जुळवला, आणि क्रीममध्ये पारा सापडला. केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी 2021 ते 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे 22 रुग्ण तपासले. त्यांतल्या 15 जणांत तो विकार एका दुर्मीळ प्रकारचा निघाला, आणि त्या 15 पैकी 13 जण गोरेपणाची क्रीमे लावत होते.

या सगळ्यात तान्हे मूल कुठे येते? आईच्या गालाला गाल लावते तिथे. कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियात 2010 मध्ये अशा क्रीमांचा माग काढताना, ज्यांनी क्रीम कधीच लावले नव्हते अशा घरातल्या माणसांच्या लघवीतही पारा वाढलेला आढळला, आणि त्यांत मुले होती. टॉवेल, उशी, हात, आणि अंगावर पाजताना होणारा स्पर्श. पाऱ्याचा लहान मुलांशी जुना संबंध आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात दात येताना द्यायच्या पुड्यांत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार असे. हातपाय गुलाबी पडणे, अंगाची आग, सतत रडणे असा ‘पिंक डिसीझ’ हजारो मुलांना होई. 1950 च्या दशकात त्या पुड्या बाजारातून गेल्या आणि रोगही गेला.

मेडिकल दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मिश्र मलमांचा धोका याहून रोजचा आहे. लंगोटाखाली लाल चट्टे उठले की दुकानदार एक ट्यूब पुढे करतो. तीत बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र असते. दोन दिवसांत चट्टे जातात, म्हणून पुढच्या वेळी तीच ट्यूब. डायपरखाली स्टेरॉइड भराभर शोषले जाते. महिनाभरात बाळाचा चेहरा गोल होतो, गाल भरतात, आणि घरातली माणसे खूश होतात की बाळाने चांगले अंग धरले. प्रत्यक्षात शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी झोपी गेलेली असते आणि उंची वाढणे थांबलेले असते. केंद्र सरकारने मार्च 2018 मध्ये 14 प्रकारची स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. नियम आहे, आणि ट्यूबही अजून काउंटरवर आहे.

मेंदीबद्दल थोडक्यात. खरी मेंदी तांबूस-केशरी रंगते आणि रंगायला काही तास घेते. जत्रेत अर्ध्या तासात काळी होणारी मेंदी नुसती मेंदी नव्हे. तिच्यात केसांच्या कलपातले पीपीडी असते, आणि मुलाच्या हातावर नक्षीच्याच आकाराचे फोड येतात. एकदा ही ॲलर्जी बसली की जन्मभर राहते. निखळ मेंदीसुद्धा जी-सिक्स-पीडी या द्रव्याची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्यांत रक्तपेशी फोडू शकते, म्हणून तान्ह्याच्या तळव्यांना मेंदीचा हट्ट नको. त्याच मुलांना आणखी एक धोका असतो. पेटीत डांबरगोळ्या टाकून जपून ठेवलेली कुंची-दुपटी न धुता अंगावर घातली, आणि अंगाला तेल लावलेले असले, तर नॅफ्थलीन कातडीतून शिरून तसाच घात करते. कापराच्या मलमाचे तर स्पष्टच आहे. दोन वर्षांखालच्या मुलाच्या छातीला किंवा नाकाखाली ते लावू नये. पोटात थोडे गेले तरी झटके येऊ शकतात.

आणि या सगळ्याच्या वर, बाटल्या मुलांच्या हातांना लागतात. अमेरिकेत 2002 ते 2016 या 15 वर्षांत पाच वर्षांखालची 64,686 मुले सौंदर्यप्रसाधनांमुळे तातडीच्या विभागात आणली गेली. दर दोन तासांना एक. चारांतल्या तिघांनी ती वस्तू गिळली होती. नखांचे रंग आणि ते काढायचे द्रव सर्वांत वर.

एवढे वाचल्यावर कुणीही म्हणेल, मग डबीवर काय लिहिले आहे ते पाहून घ्यावे. सीमाभागात नेमके तेच होत नाही. वजन-मापांच्या नियमांनुसार पाकिटावरची माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत छापली की पुरते. कन्नडची सक्ती नाही, मराठीची नाही. केसांच्या कलपासोबतच्या सूचना स्थानिक भाषेतही द्याव्यात असा नियम आहे, बाकीच्या वस्तूंना तोही नाही. शिवाय 30 ग्रॅमपेक्षा लहान डबीवर किंवा 60 मिलिलिटरपेक्षा लहान बाटलीवर घटकांची यादी छापणे बंधनकारक नाही. म्हणजे विडीच्या कारखान्यात मजुरी करणारी निपाणीची आई जी वस्तू विकत घेऊ शकते, पाच-दहा रुपयांची पुडी, बोटभर डबी, नेमकी तीच वस्तू मुकी आहे. मोठी बाटली घेणाऱ्या घराला यादी मिळते. लहान घेणाऱ्याला नाही.

2024 मध्ये कर्नाटकात दुकानांच्या फलकांवर 60 टक्के कन्नड असावे असा कायदा झाला. भाषेवरून बेळगावात किती रस्ते अडवले गेले, किती खटले झाले, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. ज्या आवेशाने पाटीवरच्या अक्षरांसाठी भांडले जाते, त्याच्या शंभराव्या हिश्श्याने तरी बाळाच्या डबीवरच्या अक्षरांसाठी भांडायला हवे. तिथे कन्नड आई आणि मराठी आई एकाच बाजूला आहेत. दोघींनाही ती डबी वाचता येत नाही.

दुसरी अडचण हद्दीची. कागलच्या अलीकडे कर्नाटकचे औषध प्रशासन, पलीकडे महाराष्ट्राचे. माल महामार्गावरून दिवसभर दोन्ही बाजूंना जातो. कोल्हापुरात नमुना सदोष ठरला, तर निपाणीच्या दुकानातला तोच माल त्याच दिवशी काढला जायला हवा. यात्रांच्या आधी सौंदत्ती, आप्पाचीवाडी, पट्टणकोडोली इथल्या भंडाऱ्याचे आणि काजळाचे नमुने दोन्ही राज्यांनी एकत्र घेतले, तर खर्च फार होणार नाही. देवस्थानांनी सांगलीहून तपासलेली हळद स्वतः विकायला ठेवली, तर भाविक तीच घेतील.

घरातले काम त्यामानाने सोपे आहे. बाळंतपणानंतर आशाताई 42 दिवसांत सहा वेळा घरी येतात. त्यांना तबक दाखवावे. खोबरेल तेल राहू द्यावे. काजळ डोळ्यांत नको, तीट लावायचीच असेल तर घरच्या काजळीची, तळपायाला. पावडर नको, नाळेला काहीही नको, गोरे करणारे क्रीम घरातच नको. दुकानदाराने दिलेली ट्यूब डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लंगोटाखाली नको. उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक ज्या डबीवर नाही ती मुलाच्या अंगाला लागता कामा नये, मग ती कितीही प्रेमाने कुणी दिलेली असो.

आणि मुलाने काही गिळले, फोड आले, मूल सुस्त झाले, तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढत बसू नका. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा 1800 116 117 हा मोफत क्रमांक आहे, आणि 108 ची गाडी दोन्ही राज्यांत येते. बेळगावला जा किंवा कोल्हापूरला, जे जवळ असेल तिथे. जाताना ती डबी, बाटली किंवा रिकामी पुडी फेकून न देता बरोबर घेऊन जा. तुम्हाला वाचता येत नसली, तरी डॉक्टरांना तिच्यावरूनच उपचार ठरवायचे असतात.